रांजणाखालचं टायर

माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं अन् किती सोडायचं, हे आमच्या गावातल्या बैलांनाही कळतं. तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो आणि त्यातली निम्मी आमच्या वाशीमकडच्या मालेगाव–रिसोड फेरीवर काढली. एकदा लग्नसराईत माझ्या गाडीत एकशे सत्तर माणसं, चार शेळ्या आणि वरातीसकट एक नवरदेव होता. गर्दी अशी, की मालेगावला मी माझी पेन्सिल माझ्या कानावर अडकवली ती शिरपूरला दुसऱ्याच्या कानावर सापडली, आणि तो माणूस म्हणाला, "हे त माहीच हाय." उन्हाळ्यात फाडलेलं तिकीट प्रवाशाच्या हाती पडेपर्यंत पापडासारखं भाजून निघायचं. दोघातिघांनी ते खाल्लं आणि पुढच्या थांब्यावर दुसरं मागितलं.

असलं मी रोज सांगायचो. निवृत्त झालो तेव्हा गाडी सुटली, सांगणं सुटलं नाही. गावच्या थांब्यावर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक उकळत राहणारं पातेलं. तिथं मी सांगायचो, लोक हसायचे, आणि विश्वास कुणी ठेवायचा नाही. सगळ्यांना ते बरं पडायचं. एवढ्या वर्षांत माझी एकच थाप लोकांनी खरी मानली. ती आज लिहायला घेतली आहे आणि पहिल्या पानापासूनच घरात कुणी वाचू नये म्हणून वही उशीखाली ठेवतो आहे.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. आमच्या शाळेतली लेकरं फार खोकायला लागली. प्रार्थना चालू झाली की खोकला तालात यायचा. वाशीमहून एक ताई स्कूटीवर यायला लागली, पंचविशीतली, पाठीवर पिशवी आणि डोळ्यांत अपुरी झोप. तिची संस्था गावोगावची हवा मोजायची. तिनं शाळेच्या भिंतीवर जेवणाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी ठोकली. ती पेटी आपली आपण रात्रंदिवस हवेतली बारीक धूळ मोजायची. दुसरं एक मशीन हातात धरायचं होतं, मोबाइलपेक्षा थोडं जाड. बटण दाबलं की आकडा दाखवायचं.

"पेटी सांगेल हवा कधी बिघडते," ताईनं ग्रामपंचायतीत समजावून सांगितलं. "पण कशानं बिघडते, ते पेटीला कळत नाही. त्यासाठी माणूस लागेल. महिनाभर रोज तीन वेळा चार ठिकाणी जाऊन आकडा लिहायचा, वारा कुठून येतो ते लिहायचं, आणि धूर कशाचा ते लिहायचं. कुणाचं अक्षर चांगलं आहे?"

सगळ्या गावानं माझ्याकडे बोट केलं. कंडक्टर, म्हणजे लिहायची सवय. मी छाती फुगवून वही घेतली. ताईनं तिच्यात रकाने आखून दिले होते. शेवटच्या रकान्यावर तिनं दोनदा बोट आपटलं.

"काका, हा रकाना बसल्या जागी भरायचा नाही. धूर दिसला की वारा तोंडावर घ्यायचा आणि चालत जायचं. जिथून निघतो तिथं उभं राहून डोळ्यांनी बघायचं, मगच लिहायचं."

"ताई, मी धुराच्या पोटात जाऊन त्याचं आडनाव विचारून येईन," मी म्हणालो. ती हसली. मला वाटलं, आणखी एक गिऱ्हाईक मिळालं.

चार ठिकाणं अशी होती: शाळा, थांबा, ओढ्यापलीकडची शेतवाट आणि भट्टी. भट्टी म्हणजे फुटाण्याची. ओढ्याच्या अंगाला, हॉटेलातून समोर दिसणारा मातीचा कट्टा, त्यात चूल, चुलीवर पसरट कढई, कढईत काळी पडलेली वाळू. ती भट्टी एका भाभीची, तिच्या अंगणातच. तिचा नवरा माझ्या बरोबरीचा होता, आम्ही त्याला भाई म्हणायचो, म्हणून ती भाभी. भाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती एकटीच चुलीत तुरीच्या तुराट्या सारायची, हरभरा वाळूत टाकायची, झाऱ्यानं उडवायची आणि चाळायची. तिच्याकडे कुणी विकतचे फुटाणे न्यायला फारसं जायचं नाही. लोक आपापल्या घरचा हरभरा, ज्वारी डब्यात घालून न्यायचे, भाभी ते भाजून द्यायची आणि भाजणावळ म्हणून त्यातलीच एक मूठ स्वतःच्या टोपलीत टाकायची. त्याला वाटा म्हणायचे. संध्याकाळपर्यंत टोपली भरायची, दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर बसून विकायची. गावातल्या प्रत्येक घरची एक मूठ त्या टोपलीत असायची आणि त्यावर तिचं घर चालायचं.

पहिले चार दिवस मी खरोखर चाललो. छाती पुढे, मशीन पुढे, मागं तीन कुत्री. भट्टीपाशी आकडा थोडा चढायचा, दहा पावलं मागं आलं की उतरायचा. खरं लिहिलं मी ते. पाचव्या दिवशी गुडघा धरला. गुडघा काय, निमित्त होतं. शेतवाटेपर्यंत जायचं म्हणजे ओढा उतरायचा आणि चढायचा, आणि हॉटेलात तोवर चहा निवतो. मी बाकड्यावर बसूनच मशीनचं बटण दाबलं, एक आकडा आला, तोच थोडा कमीजास्त करून चारी ठिकाणी लिहिला. सहाव्या दिवशी मशीनही पिशवीतून काढलं नाही.

"काय भाऊ, आज मशीन फिरवून नाई राह्यले?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"मशीन थकलं बावा. त्याले चहा दे."

"मंग सापडला का धूर? कायचा हाय म्हनते?"

बाकड्यावरची पाच-सहा डोकी माझ्याकडे वळली. आता अशा वेळी 'अजून सापडला नाही' असं म्हणणारा माणूस वेगळा. मी समोर पाहिलं. भट्टीवर भाभी नव्हती, तिचा पाण्याचा रांजण होता, आणि रांजण लवंडू नये म्हणून त्याच्या बुडाखाली ठेवलेलं जुनं काळं टायर. डोळ्यांनी टायर पाहिलं आणि जीभ सुटली.

"भाभी टायर जाळून राह्यली," मी म्हणालो. "ट्रॅक्टरचं मोठं चाक. काल म्या स्वतः पाह्यलं. धूर असा काळा, असा काळा, का एक बगळा त्याच्यात शिरला अन् पल्याडून कावळा होऊन निंगाला. घरी गेला त बायकोनं त्याले दारातूनच हाकललं. म्हने, 'वयख ना पायख, घुसते कुठी?'"

बाकडी मोडायची राहिली. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. माझ्यासारख्या माणसाला एवढं हसू म्हणजे पेन्शनच. दुसऱ्या दिवशी लोकांनी तीच पुन्हा सांगायला लावली, तिसऱ्या दिवशी मी तिच्यात बगळ्याची सासूही घातली.

मग एका संध्याकाळी ताईचा फोन आला, "काका, उद्या वही न्यायला येते." वहीत अकरा दिवस कोरे.

कंडक्टर असताना माझ्या वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, एक टप्पा कधी खोटा पडला नाही. हे मी अभिमानानं सांगत आलो, पण त्याचं कारण कधी सांगितलं नाही. पुढच्या फाट्यावर तपासणीस उभा असायचा. या वहीला तपासणीस नव्हता. मी जेवण झाल्यावर पाट ओढून बसलो आणि तासाभरात अकरा दिवस भरून काढले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आकडे असे सुंदर पाडले की शाळेत हळू चढत, थांब्यावर जरा जास्त, आणि भट्टीवर एकदम उडी. गोष्टीला चढ लागतो, तसा चढ दिला. शेवटच्या रकान्यात काय लिहावं म्हणून थोडा थांबलो. मग लिहिलं: टायर. दुसऱ्या दिवशीही टायर. पुढं पुढं तर वरच्यासारखंच म्हणून नुसत्या दोन रेघा मारल्या.

ताईनं वही चाळली आणि तिची झोप उडाली.

"काका, टायर? तुम्ही स्वतः पाहिलंत?"

इथं थांबायला जागा होती. तिनं पायाखाली फळीच ठेवली होती, उतरायला. मी म्हणालो, "पाहिलं ना. चांगला काळाकुट्ट."

"चालत गेलात?"

"गुडघा दुखत होता तरी गेलो."

तिनं माझे आभार मानले. गुडघ्याला लावायला एक मलमही दिलं. ते मलम माझ्याकडे अजून आहे, उघडलेलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत ताईनं गावाचा नकाशा भिंतीला लावला. प्रत्येक ठिकाणी एक गोल. शाळेवर छोटा, थांब्यावर त्याहून थोडा मोठा, आणि भट्टीवर ताटाएवढा लाल गोल. तो गोल पाहून मी चपापलो. माझी गोष्ट भिंतीवर चढली होती आणि तिच्यात बगळा कुठं दिसत नव्हता. नुसता आकडा दिसत होता. हॉटेलात जे हसले होते, तेच आता माना हलवत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कंडक्टर भाऊ सांगत होते तवा आपल्याले गंमत वाटली. मशीननंच पकडलं पाहा."

भाभी दाराशी बायकांत उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, विषय कळल्यावर आली होती. ओढणी डोक्यावर ओढून ती म्हणाली, "म्या टायर नाई जाळत. तुराट्या जाळतो. सब लोक देखते."

"भाभी, आता मशीन काय खोटं बोलते काय?" सरपंच म्हणाले. तसे ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा नातूही त्याच शाळेत खोकत होता. "लेकराइच्या छातीचा प्रश्न हाय. भट्टी बंद ठेवाची. कोनाकोनाले मंजूर हाय?"

हात वर झाले. सगळे झाले. माझाही झाला. वर करताना हात दुसऱ्याचा असल्यासारखा हलका वाटला. भाभीनं सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि माझ्या हातावर आणली. मी त्याच हाताच्या मनगटावरचं घड्याळ बघायला लागलो. घड्याळ तीन वर्षांपासून बंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भट्टीवर बादलीभर पाणी ओतलं आणि कढई उपडी घातली. हरभरा सोंगायचे दिवस होते. आठवड्याभरात ती मजुरीनं जायला लागली. साठीची बाई, आयुष्यभर ज्या हरभऱ्याला भाजत आली तोच आता वाकून कापायला. संध्याकाळी बायकांच्या घोळक्यात ती शेवटी चालत यायची आणि थांब्यावरून जाताना हॉटेलाकडे बघायची नाही. एकदा एकानं हाक मारली, "भाभी, फुटाने नाई काय?" ती चालता चालताच म्हणाली, "कंडक्टर भाऊले विचारा. त्याइच्या वहीत असतीन."

मी हसलो, सगळ्यांबरोबर. दुसरं काय करणार होतो ते मला अजूनही कळलेलं नाही.

शाळेच्या भिंतीवरची पांढरी पेटी मात्र हसत नव्हती. पंधरा दिवसांनी ताई आली तेव्हा तिच्या हातात पेटीचा कागद होता. संध्याकाळी साडेपाचला आकडा जसा पूर्वी चढायचा तसाच चढत होता. भट्टी बंद, धूर चालूच.

"काका, चला. आज आपण दोघं जाऊ," ती म्हणाली.

"गुडघा…"

"हळू जाऊ."

त्या दिवशी मी खरं काम पहिल्यांदा पाहिलं. ती थांबायची, मूठभर धूळ वरून सोडायची, कुठं जाते ते बघायची, मग वाऱ्याकडे तोंड करून चालायची. नाक पुढं. मध्येच मशीनचं बटण. आकडा वाढला की तीच दिशा धरायची, कमी झाला की मागं यायची. ओढा उतरलो, चढलो. पलीकडच्या शेतात हळद शिजत होती. बॉयलरखाली कपाशीच्या पऱ्हाट्या होत्या, आणि पऱ्हाट्या लवकर पेटाव्यात म्हणून ठिबकच्या जुन्या फाटक्या नळ्यांची भेंडोळी. तो धूर पिवळट काळा, घशात चिकटणारा. ते बॉयलर कुण्या एकाचं नव्हतं. आज या शेतात, उद्या त्या, सगळ्यांची हळद त्यातच शिजायची. ज्यांनी हात वर केले होते त्यांतले निम्मे तिथंच उभे होते. "या ताई, चहा घ्या," म्हणाले.

तिथून परत वळलो, तर एका बांधावर सोयाबीनचं कुजलेलं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, धुमसत होतं. शाळेमागं गेलो, तर लेकरांच्या खाऊची प्लास्टिकची पुडकी सफाईवाला रोज शाळा सुटली की पेटवत होता, वर्गाच्या खिडकीखालीच. मग आकडा आमच्या गल्लीकडे वळला. मी म्हटलं, इकडं काय असणार? ताई चालत राहिली आणि माझ्या घरामागं येऊन थांबली. घरची, म्हणजे माझी बायको, पाणी तापवायला चूल पेटवत होती, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांनी. ती युक्ती तिला मीच शिकवली होती. रॉकेल मिळेना तेव्हा.

असं चार-पाच ठिकाणी थोडं थोडं होतं. सांगायला गेलं तर कंटाळवाणं. यातून बगळा उडवणं मला जमलं नसतं.

"आता भट्टी," ताई म्हणाली. "एकदा पेटवून बघायला हवी. तुमचा आकडा फार मोठा होता."

भाभी नुकतीच शेतातून आली होती, हातपाय धूत होती. ताईनं नीट विचारलं, विनंती केली. भाभीनं कढई सुलटी केली, भट्टीतला ओला चिखल खरडून काढला, कोरड्या तुराट्या सारल्या आणि काडी ओढली. पांढरा धूर निघाला, जरा वेळानं तोही विरला. ताई भट्टीशी उभी राहिली, मग पाच पावलं, मग दहा. आकडा तेवढाच आला जेवढा मी पहिल्या चार दिवसांत लिहिला होता.

तिनं वही उघडली. मग रांजणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काका, टायरं कुठं असायची? भाभी कुठून आणायच्या?"

तेव्हाही मी सांगू शकलो असतो. भाभी समोर होती, चुलीत तुराट्या तडतडत होत्या, संध्याकाळचा उजेड होता, सगळं सोपं होतं. मी म्हणालो, "संपली असतीन."

पुन्हा खोटं बोललो मी. पहिल्या खोट्याला हसू मिळालं होतं. या शेवटच्याला कसली भूक होती, मला सांगता येत नाही.

भाभी उठली. रांजणाजवळ गेली, त्याच्या कडेला हात ठेवला.

"बेटी, माह्या अंगनात टायर एकच हाय," ती ताईला म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे. अन् हे कंडक्टर भाऊनंच आनून देलं. माह्या घरच्याइनं एक डाव म्हनलं का रांजन लवंडते. तवा भाऊनं मालेगावच्या पंक्चरवाल्याकडून मांगून घेतलं, गाडीच्या टपावर टाकलं अन् स्वतः खांद्यावर घेऊन इथं ठेवलं. सदऱ्याले काळं लागलं होतं. म्या राखेनं धुऊन देला."

खरं होतं. आणि मी विसरलो नव्हतो. त्या टायरवरही मी तेव्हा गोष्ट रचली होती: टायर टपावरून सुटलं, उतारानं पळत सुटलं, गाडीच्या आधी गावात पोचलं आणि आम्ही आलो तर थांब्यावर उभं राहून आमचीच वाट बघत होतं. भाईला ती गोष्ट फार आवडायची. दर खेपेला मी फुटाणे घ्यायला गेलो की तो म्हणायचा, "भाऊ, टायर कितीले पोचलं होतं म्हनता?" आणि ऐकून खोकला येईस्तोवर हसायचा. हॉटेलातून त्या रांजणाकडे पाहिलं तेव्हा मला हे सगळं आठवलं होतं. तरी जीभ सुटली.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लाल पेन काढलं आणि वहीतल्या अकरा दिवसांवर, एकेका ओळीवर, पट्टी लावून रेघ मारली. मग वही माझ्यापुढं धरली.

"प्रत्येक रेघेपुढं सही करा, काका."

मी भट्टीच्या कट्ट्यावर बसून अकरा सह्या केल्या. चुलीच्या उजेडात. भाभीनं तेवढा वेळ आग विझू दिली नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. आयुष्यात मी हजार वेळा बोललो असेन, पण इतकं थोडक्यात कधीच नाही. मी म्हणालो, "भाभीनं टायर जाळलं नाही. मी गेलोच नव्हतो तिकडं. खोटं लिहिलं मी."

मग मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "मंग भाऊ, बगळा परत पांढरा झाला काय?"

अख्खी पंचायत हसली. मला वाटलं ओसरेल. ओसरलं नाही. "कंडक्टर भाऊ आता त्याची दुसरी बाजू सांगून राह्यले," "त्याइले दया आली भाभीची, बाकी काई नाई." ताई उठली, तिनं रेघा मारलेली वही दाखवली, बॉयलरचं सांगितलं, ठिबकच्या नळ्यांचं सांगितलं, शाळेमागच्या पुडक्यांचं सांगितलं. तेव्हा मात्र हसणं थांबलं आणि कुजबुज झाली. "हळद काय कच्चीच इकाची काय आता?" सफाईवाल्याला बोलवून उद्यापासून खड्ड्यात पुरायला सांगितलं, तेवढं झालं. नळ्यांचं पुढच्या हंगामात पाहू म्हणाले. भट्टीचं सरपंच म्हणाले, "बंद हाय त राहू द्या. कमी त कमी धूर. अन् तिले मजुरी भेटून राह्यली."

मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. शेजारच्यानं माझा सदरा धरून खाली ओढलं. "बसा भाऊ, लय झालं. हॉटेलात सांगा बाकीची."

खोटं बोललो तेव्हा गाव माझ्या बाजूनं होतं. मी भाभीकडे गेलो, म्हणालो, भाभी, तुम्ही पेटवा, कोण काय म्हणते पाहतो. ती कणीक मळत होती. "हात तुमीबी वर केला होता भाऊ," ती म्हणाली. "म्या मोजले तवा सगळे."

मग नागपंचमी आली. आमच्याकडे त्या दिवशी लाह्या-फुटाण्याशिवाय चालत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी नागाची पूजा नाही, पण हरभरा आम्हीही भाजून आणतो, तोंडाला कुणी अडवलं आहे? गावातल्या बायकांनी मालेगावहून पिशवीतल्या लाह्या आणून पाहिल्या. "बाप्पा, कापूस खाऊन राह्यलो जसा," म्हणाल्या. आदल्या दिवशी सकाळी दोघीजणी डबे घेऊन भाभीच्या दाराशी गेल्या. मग चौघी. मग सरपंचांची सून गेली. कुणी ठराव केला नाही, कुणी माफी मागितली नाही. बायका नुसत्या डबे ठेवून ओटीवर बसून राहिल्या. दुपारी बाराच्या सुमारास ओढ्याच्या अंगाला धूर दिसला.

मीही डबा घेतला. घरची म्हणाली, "मी जातो." मी म्हटलं, नाही, मीच जातो. रांगेत माझ्या पुढं सात-आठ बायका आणि मागं तेवढ्याच. एरवी अशा रांगेत मी बोलून बोलून पाऊस पाडला असता. त्या दिवशी डब्याचं झाकण उघडत होतो, लावत होतो. भाभी एकेकीचा डबा ओतायची, वाळूत दाणे तडतडायचे, झाऱ्यानं उडवायची, चाळायची, आणि डब्यात परत भरताना एक मूठ बाजूच्या टोपलीत. न बोलता, न बघता. हात आपोआप जायचा टोपलीकडे. टोपली अर्धी भरली होती.

माझा नंबर आला. तिनं डबा घेतला, ओतला, भाजला, चाळला. माझे दाणे तिनं जास्तच निगुतीनं भाजले, एकही करपू दिला नाही. मग सगळे डब्यात भरले, झाकण दाबून बसवलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला. हात टोपलीकडे गेला नाही.

"भाभी," मी म्हणालो, "वाटा राह्यला तुमचा."

"राहू द्या."

"असं कसं? घ्या ना."

"मोजून पाहा भाऊ," ती म्हणाली आणि माझ्या मागच्या बाईचा डबा हातात घेतला. "कमी त नाई ना? मंग झालं."

मी डब्यातून मूठ काढून स्वतःच टोपलीत टाकू शकलो असतो. माझा हात तसा पुढं गेलाही. तिनं टोपली उचलली आणि आपल्या पलीकडे, रांजणाजवळ, टायराच्या कडेला टेकवून ठेवली.

घरी आलो. घरचीनं झाकण उघडलं. डबा काठोकाठ होता. तिनं पाहिलं आणि विचारलं, "वाटा नाई घेतला काय तिनं?"

"आपल्याकून नाई घेत ती," मी म्हणालो. "जुना घरोबा हाय."

घरची माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ती मला ऐकत आली आहे. कुठली थाप कुठं सुरू होते ते तिला माझ्याआधी कळतं. तिनं डब्यातून एक मूठ काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि चपला घालून निघाली. मी उंबऱ्यात उभा राहिलो. ती ओढ्याकडे वळली तोपर्यंत दिसत होती, मग धुरात दिसेनाशी झाली. तुराट्यांचाच धूर होता. पांढरा.

अर्ध्या तासानं ती परत आली. चुलीजवळ गेली, पदराची गाठ सोडली आणि मूठभर फुटाणे होते तसे डब्यात परत ओतले.